सातेरीच्या (देशी मधमाशीच्या) पेटीत पिल्लं मरतायत, चिमट्याने ओढली की पाण्याची पिशवी निघते, काय असेल?

रानमध
नमस्कार मंडळी. भोरच्या वरच्या अंगाला माझ्या सातेरीच्या ६ पेट्या आहेत, तिसरं वर्ष चालू आहे. पावसाळाभर साखरेचा पाक देऊन तगवल्या, दसऱ्यानंतर राण्यांनी अंडी घालायचा जोर धरला, वाटलं आता यंदा चांगलं जमणार. पण गेल्या आठवड्यात ३ नंबरची पेटी उघडली तर पिल्लांच्या फ्रेमवर मधेमधे भोकं, कामकऱ्यांनी झाकणं फोडलेली आणि आत अळी उताणी पडलेली, डोकं वर उचललेलं, अंग पिवळट आणि डोक्याकडून काळं पडत आलेलं. चिमट्याने धरून ओढली तर अख्खी निघाली आणि खाली पाणी भरलेली बारीक पिशवी लोंबावी तशी लोंबायला लागली. वास काही नाही. ४ नंबरमध्येपण १०-१५ घरं तशीच दिसली. ३ आणि ४ एकाच ठिकाणाहून विकत घेतलेल्या, त्यांना विचारलं तर म्हणाले आमच्याकडे असं काही नव्हतं. २ नंबर, जी मी ढोलीतून काढलेली, ती मात्र एकदम स्वच्छ. इथला दुकानदार म्हणतो टेट्रासायक्लिनची पावडर पाकातून द्या. देऊ का? रात्री झोप नाही लागत राव.

काडीवाला
आधी पावडरचा विचार बाजूला ठेवा आणि आगपेटीची काडी घ्या. माझ्याकडे मेलीफेरा, म्हणजे युरोपियन मधमाश्या आहेत पण ही टेस्ट तीच. मेलेल्या अळीत काडी घालून हळूच वर ओढा. चॉकलेटी रंगाची चिकट तार इंचभर लांबली आणि शिजवलेल्या सरसासारखा घाण वास आला तर अमेरिकन फाउलब्रूड, म्हणजे पिल्लं सडवणारा रोग, तो बॅक्टेरियाचा आहे आणि त्याचे बीजाणू पेटीच्या लाकडात कितीतरी वर्षं जिवंत राहतात, म्हणून लोक पोळी जाळून टाकतात. युरोपियन फाउलब्रूडमध्ये अळी लहान असतानाच, झाकण लागायच्या आधी मरते, घरात वेडीवाकडी पडते आणि आंबूस वास येतो. तुमचं वर्णन दोन्हीत बसत नाही, पण काडी घालून बघाच.
आणि वरोआ, म्हणजे माश्यांच्या अंगाला चिकटणारी बारीक कीड, ती पण तपासा. अर्धा कप माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या, आत राणी नाही ना हे दोनदा बघा, वर दोन चमचे पिठीसाखर टाकून हळू घोळवा आणि मग बरणी उलटी करून पांढऱ्या ताटात साखर झाडा, लालसर गोचिडासारखे ठिपके पडले तर कळेल. माश्या जिवंत राहतात, परत पेटीत सोडता येतात.

सिरसीची_भाची
दादा, वर्णन वाचून पोटात गोळा आला. हे थाई सॅकब्रूड आहे, उताणी अळी, वर डोकं आणि पाण्याची पिशवी, मी लहानपणी हे रोज बघितलंय. माझं आजोळ सिरसीकडे, मामांकडे सातेरीच्या ४० पेट्या होत्या. हा व्हायरस थायलंडमध्ये १९७६ ला दिसला, आपल्या देशात १९७८ ला मेघालयात आणि १९९१-९२ च्या सुमाराला दक्षिणेत उतरला तेव्हा कर्नाटक, केरळ, तमिळनाडूत सातेरीच्या ९० टक्क्यांच्या वर वसाहती गेल्या. मामांच्या ३ उरल्या. मामी रिकाम्या पेट्या धुऊन अंगणात उन्हाला लावायची आणि कुणी काही बोलायचं नाही.
होतं असं की आजारी अळीला शेवटची कात टाकता येत नाही, कात आणि अंग यांच्यामध्ये पाणी साठतं, ती तुम्ही बघितलेली पिशवी. त्या पाण्यात व्हायरस ठासून भरलेला असतो. कामकरी माशी मेलेली अळी साफ करायला जाते, ते पाणी तिच्या तोंडात जातं, मग तीच माशी दुसऱ्या कोवळ्या अळ्यांना भरवते आणि लागण पुढे जाते. बिचारी स्वच्छता करायला जाते आणि त्यातूनच आजार पसरतो.
वरोआ बघायला हरकत नाही पण सातेरी ही त्या किडीची मूळची यजमान, एकमेकींच्या अंगावरून काढून टाकतात आणि तिची वाढ सातेरीत बहुतेक नरांच्या पिल्लांमध्येच होते. मेलीफेराचे हाल होतात तसे इथे होत नाहीत.
एक सांगा, ३ नंबरमधली फ्रेम दुसरीकडे कुठे दिली होती का?

रानमध
ताई, तेच झालंय. ५ नंबर कमजोर होती म्हणून १५ दिवसांपूर्वी ३ मधली पिल्लांची एक फ्रेम तिला दिली. आज उघडली, तिच्यातपण सुरू झालंय. माझ्याच हाताने दिली. काडी घातली, तार येत नाही, पाणीच. साखरेने एकच किडा पडला. पेट्या जाळायला लागतील का?

सिरसीची_भाची
जाळू नका. हा व्हायरस फाउलब्रूडच्या बीजाणूंसारखा वर्षानुवर्षं टिकत नाही. आणि पावडर तर अजिबात नको, अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, उलट त्याचा अंश मधात उतरतो आणि तोच मध उद्या घरातली लेकरं खाणार.
औषध नाही, पण हे करता येतं. ३, ४ आणि ५ च्या राण्या जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात घालून त्याच पेटीत फ्रेमच्या मधे ठेवा, कामकऱ्या जाळीतून भरवतात. सातेरीची कामकरी अंड्यापासून साधारण २० दिवसांत बाहेर पडते, म्हणून पिंजरा तीनेक आठवडे ठेवला की पेटीत भरवायला अळीच उरत नाही आणि साखळी तुटते. जास्त खराब पोळी काढून वितळवा. प्रत्येक पेटीचा चिमटा आणि पटाशी वेगळी, नाहीतर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात धुऊनच पुढच्या पेटीला हात लावायचा. पाक संध्याकाळी द्या आणि सांडू देऊ नका, एक पेटी दुसरीला लुटायला लागली की व्हायरस पण तिथे जातो.

डोंगरकडा
ताईंचं बरोबर पण माझ्या अनुभवातून एक जोड देतो. माझ्याकडे पिंजरा लावल्यावर एक पेटी तरीपण मोडली कारण माश्या आधीच कमी होत्या आणि फ्रेम जास्त, थंडीत पोळी झाकलीच जात नव्हती. म्हणून माश्या जेवढ्या फ्रेम झाकतात तेवढ्याच ठेवा, बाकीच्या काढा, नाहीतर मेणकिडा (पोळ्याचं मेण खाणारी अळी) शिरतो आणि मग उरलेल्या माश्या पण निघून जातात. गेट बारीक करा. आणि पुढे विभागणी, म्हणजे एका पेटीच्या दोन, कराल तेव्हा २ नंबरच्याच राणीची पिल्लं वापरा. आजूबाजूला रोग असताना जी पेटी स्वच्छ राहते तिच्या माश्या बहुतेक आजारी अळी लवकर ओळखून बाहेर फेकतात. मी आता बाहेरून पेट्या घेतच नाही, जवळच्या रानातल्या ढोलीतल्याच आणतो.

रानमध
अपडेट देतो, मधे लिहायला जमलं नाही. तिन्ही राण्या पिंजऱ्यात घातल्या होत्या. ४ नंबर गेली, १२ व्या दिवशी मूठभर माश्या उरलेल्या आणि राणी पिंजऱ्यात मेलेली. ३ आणि ५ च्या राण्या २१ व्या दिवशी सोडल्या, आता ५ मध्ये तळहाताएवढं पोळं बंद झालंय आणि झाकणं सगळी नीट, मी एकेक मोजून बघितली. ३ मध्ये अजून ४ घरं तशी दिसली, तिला परत पिंजरा लावू का राणीच बदलू ते सांगा. २ नंबरखाली रोज सकाळी फळी ठेवतो. काल तिच्यावर दोन पांढऱ्या अळ्या पडलेल्या दिसल्या, एकीचं डोकं नुकतं काळं पडायला लागलेलं. डोंगरकडा दादा, तुम्ही म्हणालात तसं माश्यांनीच बाहेर टाकल्या असतील ना?

डोंगरकडा
हो, त्यांनीच. आता त्या राणीला जपा, जांभळाच्या फुलोऱ्याआधी विभागणी करू. ३ ची राणी बदला, परत पिंजरा नको, आणि नवीन राणी २ च्याच पिल्लांतून काढा.