कॅल्गरीत घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही बघा

कॅनडातल्या कॅल्गरीत घर घेणाऱ्याला सल्ला मिळतो की थंडीची सवय होते, देसी दुकानं आणि शाळा जवळ हवीत म्हणून सरळ नॉर्थईस्टला, म्हणजे शहराच्या ईशान्य भागात, घर घ्या. हे मत मला बरंचसं पटतं. कपडे नीट असले की उणे २५ मध्येही मुलं आपल्याआधी रुळतात. पण निसरड्या बर्फाची सवय होत नाही, आणि त्याबद्दल हा सल्ला काहीच सांगत नाही. हिवाळ्यात मधूनमधून शिनूक नावाचा कोरडा, उबदार वारा रॉकीज पर्वतांवरून खाली येतो. काही तासांत तापमान १५-२० अंशांनी चढतं, बर्फ वितळतो आणि रात्री तेच पाणी गोठून काचेसारखं होतं.

डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या जेमतेम १५ अंश वर असतो. त्यामुळे उत्तराभिमुख घरापुढे घराचीच सावली पडते आणि तिथला थर आठवडेच्या आठवडे हलत नाही. आमचं पहिलं घर तसंच होतं. सासूबाई नाशिकहून आल्या आणि चौथ्याच दिवशी पायरीवरून घसरून त्यांचं मनगट मोडलं. समोरच्या रांगेतले ड्राइव्हवे मात्र उन्हाने कोरडे! दुसरं घर घेताना आम्ही उपनगराच्याही आधी दिशा पाहिली. म्हातारी माणसं येऊन राहणार असतील तर दक्षिणाभिमुखच घ्या, हवं तर दुकानं दहा मिनिटं लांब असू देत.

आणि कोपऱ्याचं घर घेण्याआधी दोनदा विचार करा. बर्फ पडायचा थांबल्यापासून २४ तासांत घरालगतचा फुटपाथ साफ करणं तुमच्यावर असतं, आणि कोपऱ्याला तो दोन बाजूंनी असतो.