गाडीतच घर, गाडीतच मोरी : बायकांनो, आपापले अनुभव सांगा

जुळे_सोलापूर (धागाकर्ती)

मी, माझी नणंद, शाळेपासूनची मैत्रीण आणि तिची मोठी बहीण. वयं ३८ ते ६१. आमच्याकडे शाळेच्या पोरांची ने-आण करणारी एक जुनी ट्रॅव्हलर होती. यंदा ती विकायची ठरली तेव्हा मी अडून बसले. आता तिच्यात चार बर्थ, छोटा ओटा, १०० लिटरची टाकी आणि मागच्या कोपऱ्यात पडदा लावून केलेली मोरी आहे. दिवाळीनंतर विजापूर, बदामी, हंपी असं सहा रात्रींचं ठरलंय. नवरे घरी.

चाचणी म्हणून एक रात्र नळदुर्गला राहून आलो. हसू नका, सकाळी नऊला टाकी कोरडी! पहिल्या दोघींनी डोक्यावरून आंघोळ केली, तिसरीने हात-पाय धुतले, चौथी म्हणजे मी, बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली. आणि आम्ही कुठल्या, तर नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं त्या सोलापूरच्या. घरी पिंप, घागर, पातेलं, सगळं भरून ठेवतो, ताट विसळलेलं पाणी झाडाला घालतो. पण गाडीत शॉवर बसवला आणि अक्कल गहाण पडली.

तर आंघोळ, केस, पाळी, संडास, रात्रीचा मुक्काम आणि खुद्द गाडी, यातलं ज्यांनी अंगावर काढलंय त्यांनी लिहा. ऐकीव नको.

मोरीवाली_आजी

शॉवर आधी काढून टाक. मिनिटाला सहा-सात लिटर तो सहज पितो आणि आपण गाणं म्हणत उभ्या राहतो. पाच लिटरची बादली आणि लहान तांब्या घे. दोन तांब्यांत अंग ओलं, मग साबण, मग उरलेलं पाणी. ७२च्या दुष्काळात याहून कमी पाण्यात आम्ही नहायचो आणि त्याच पाण्यात पोराचं लंगोटही निघायचं. चौघींची आंघोळ २० लिटरात झाली पाहिजे. भांडी, तोंड धुणं, हात धुणं धरून दिवसाला ४०-४५. म्हणजे तुझी टाकी दोन दिवस पुरते. डोक्यावरून आंघोळ फक्त लॉजवर किंवा भक्त निवासात, दोन-तीन दिवसांतून एकदा.

दुसरं. माझे मालक टॉवेलच्या कारखान्यात ३० वर्षं होते, तरी सांगते, गाडीत टेरी टॉवेल नेऊ नकोस. बंद गाडीत तो वाळत नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याला जो वास येतो तो सगळ्या गाडीला लागतो. पातळ सुती पंचा घे, माणशी दोन. तासाभरात वाळतो. सोलापुरी चादर मात्र जरूर ने, पांघरायलाही आणि मोरीला आडपडदा म्हणूनही. तिच्यातून सावली दिसत नाही. पातळ पडद्यामागे आत दिवा लावला की बाहेरून सिनेमा दिसतो, हे मी एका देवस्थानाच्या मैदानावर शिकले. कसं ते विचारू नकोस.

निवृत्त_सिस्टर

आजींच्या आंघोळीवर शिक्का. मी न आंघोळण्याबद्दल लिहिते, कारण काही दिवस तेही होणार. त्या दिवशी ओल्या पंचाने काखा, छातीखाली, जांघा आणि बोटांच्या बेचक्या पुसायच्या आणि *कोरड्या* करायच्या. कोरडं करणं धुण्यापेक्षा महत्त्वाचं. आपल्याकडच्या उकाड्यात आठ तास सीटवर बसून घाम मुरला की गजकर्ण होतं. झालं तर दुकानातून 'खाजेचं मलम' मागून लावू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि मग ते दुप्पट पसरतं. सुती चड्ड्या घ्या, दिवसाला दोन धरून. झोपताना सैल गाऊन.

लघवी. प्रवासात बायका काय करतात तर पाणीच पीत नाहीत. मीही केलंय, नोकरीत असताना बसने अप-डाऊन करायचे तेव्हा, आणि चाळिशीत दोनदा मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने आडवी झाले. गाडीत स्वतःची सोय असण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच की पाणी पिता येतं, तो घालवू नका. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला तर आणखी प्या. पुसताना पुढून मागे. आतून साबण किंवा सुगंधी पाणी वापरू नका, साधं पाणी पुरतं. लघवीला जळजळ आणि सोबत थंडी-ताप किंवा कंबरेच्या वर पाठीत दुखलं, तर हंपी राहू द्या, डॉक्टर गाठा.

पाळी. कप सगळ्यात सोयीचा, १२ तासांपर्यंत ठेवता येतो, कचरा शून्य. पण पहिल्यांदा प्रवासात वापरू नका, घरी दोन-तीन पाळ्या सराव करा. आधी साबणाने हात, मग काढणं, पिण्याच्या पाण्याने विसळणं, परत घालणं. पाळी संपल्यावर पाच-दहा मिनिटं उकळायचा, आणि त्याचं पातेलं वेगळं. (माझ्या भाचीने चहाचं घेतलं होतं.) तांबी बसवलेली असेल तर कपाआधी डॉक्टरांशी बोला, ओढताना तांबी सरकू शकते. टॅम्पॉन आठ तासांच्या वर नाही. पॅड वापरणारींनी कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवायचे आणि गावात कचरा गोळा होतो तिथे द्यायचे. संडासात टाकायचे नाहीत, शेताच्या बांधावर तर नाहीच. आणि ६१च्या ताईंना विचारलं का? हसताना-खोकताना थेंब जाणं या वयात पुष्कळींना असतं, सांगत कुणी नाही. त्यांना बर्थ खालचा, मोरीजवळचा द्या.

जुळे_सोलापूर

सिस्टर, तुमचं वाचून दाखवलं. ताई काही बोलल्या नाहीत, पण रात्री फोन करून खालचा बर्थ मागितला.

शेंगाचटणी

मी खाण्याबद्दल लिहायला आले होते पण वर आत्ताच काय काय वाचलं, तर नंतर लिहीन. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. एवढंच न्या. भांडी कमी, पाणी कमी.

माहेर_बाळीवेस

मी न्यूझीलंडमध्ये असते. तिथे आम्ही दोघी मैत्रिणींनी दहा दिवस मोटरहोम भाड्याने घेतलं होतं. तिथे स्वतःचा संडास, स्वच्छ पाण्याची आणि सांडपाण्याची टाकी असलेल्या गाडीला प्रमाणपत्र मिळतं आणि ते असेल तरच बऱ्याच मोकळ्या जागांवर रात्री राहता येतं. गावोगावी टाक्या रिकाम्या करायची ठिकाणं असतात. संडासाची डबी बाहेरून ओढून काढायची, चाकावर सुटकेससारखी न्यायची आणि ओतायची. पहिल्यांदा मला मळमळून आलं. तिसऱ्यांदा आम्ही ओतताना रात्री काय रांधायचं ते बोलत होतो.

आपल्याकडे ती सोय गृहीत धरता येत नाही, म्हणून इथे आल्यावर भावाच्या गाडीत मी वेगळं केलं. सुटा, उचलून नेता येणारा संडास मिळतो, खालची टाकी साधारण २० लिटरची. पण चौघींनी सगळ्यासाठी वापरला तर ती दोन दिवसांत गळ्याशी येते आणि उन्हाळ्यात वास. आम्ही नियम केला, गाडीत फक्त लघवी, तीही रात्री. दोन नंबर सकाळी पंपावर, ढाब्यावर, लॉजवर. अगदीच वेळ आली तर जाड पिशवी आणि वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा. दोन मुठी टाकल्या की वास बसतो. टाकी रिकामी करायची ती खऱ्या संडासातच. ओढ्यात, गटारात नाही.

आंघोळीचं पाणीही खालून रस्त्यावर सोडू नका, वीस लिटरच्या कॅनमध्ये धरा. हंपी १९८६ पासून जागतिक वारसा आहे आणि तुंगभद्रेवर शाम्पूचा फेस तरंगताना बघायला कुणी तिथे जात नाही.

लांब_केसांची

केस कमरेपर्यंत आहेत, पंधरा दिवस लडाखला गाडीत राहिले आणि कापले नाहीत. तेल लावून घट्ट वेणी, वरून सुती ओढणी. वाऱ्यात मोकळे सोडलेत तर संध्याकाळी गुंता सोडवायला एक बाटली खोबरेल आणि एक मैत्रीण खर्ची पडते. तेलकट वाटलं तर मुळाशी थोडी टाल्कम पावडर, दहा मिनिटांनी विंचरून टाका. मोरीच्या जाळीवर जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा ताणून बांधा, नाहीतर चौघींचे केस पाइपात.

हेअर ड्रायर नेऊ नका. मी नेला. १२०० वॉटचा ड्रायर १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्फत १०० अँपिअरहून जास्त खेचतो. १०० अँपिअर-अवरची साधी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे एकीचे केस वाळेपर्यंत सगळ्यांचे पंखे बंद. पहाटे तीनला तिघी जाग्या होत्या आणि माझ्या केसांवर चर्चा सुरू होती.

वॅक्सिंग, थ्रेडिंग निघायच्या चार दिवस आधी. आदल्या दिवशी नको, त्या त्वचेला घाम झोंबतो.

गरम_पाणी_हवंच

मला गार पाण्याने जमत नाही. मोरीत छोटा गॅस गीझर बसवावा का?

निवृत्त_सिस्टर

नाही. नाही. नाही. बंद न्हाणीघरात गॅस गीझरच्या धुरातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो. पक्क्या घरांतली माणसं गेलीत याने, गाडीची मोरी तर कपाटाएवढी. हाच नियम शेगडीवर हात शेकण्याला.

मोरीवाली_आजी

काळा कॅन टपावर ठेव आणि संध्याकाळी नहा. सोलापूरच्या उन्हात पाणी तापवायला गॅस कशाला लागतो गं?

ट्रान्सपोर्टवाल्याची_लेक

सगळ्या आंघोळीवर, गाडीकडे कुणी बघेना. वडिलांचे ट्रक आहेत, मी लहानपणापासून अक्कलकोट रोडच्या गॅरेजात वाढले, म्हणून जरा लांबड लावते.

पहिलं कागद. आत बर्थ-ओटा ठोकला म्हणजे गाडीत फेरफार झाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तो आरटीओकडून मंजूर होऊन आरसीवर चढला पाहिजे. शाळेची गाडी म्हणून कागद आणि आत स्वयंपाकघर, असं असेल तर अपघातानंतर विमावाले हात वर करतात. आमच्या ओळखीत झालंय, साडेतीन वर्षं कोर्टात हेलपाटे चालू आहेत.

दुसरं टायर. टायरच्या कडेला डीओटी (DOT) अशी अक्षरं कोरलेली असतात, त्यांच्या पुढे शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. शाळेची गाडी फार पळत नाही, त्यामुळे नक्षी झकास दिसते आणि रबर आतून म्हातारं झालेलं असतं. पाच-सहा वर्षांच्या पुढचा असेल तर बदला, स्टेपनीसुद्धा. हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, त्यात चौघी आणि तुमचे डबे. भरल्या गाडीच्या हिशेबाने हवा ठेवा.

तिसरं, चाक बदलणं. अंगणात एकदा स्वतः करा, नवऱ्याला खुर्चीत बसवून. हँडब्रेक, गिअर, दुसऱ्या चाकाला दगड. नट *जॅक लावायच्या आधी* सैल करायचे. हाताने होत नाही म्हणून बायका सोडून देतात. हाताने कशाला? पान्याला दीड-दोन फुटी लोखंडी पाइप अडकवा आणि टोकावर पाय देऊन उभ्या राहा. आपलं वजन एरवी नको असतं ना, तिथे कामाला येतं. आवळताना समोरासमोरचे नट जोडीने. आणि चाक खोललं असेल तर १०० किलोमीटरच्या आत परत एकदा आवळून बघायचे. हे कुणी करत नाही.

सिलिंडर चालत्या गाडीत बंद आणि बांधलेला. गळालेला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली साठतो, म्हणून जमिनीलगत झरोका हवा. वरची खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. टपावरच्या कॅनसकट उंची मोजून चिठ्ठी स्टेअरिंगसमोर चिकटवा, रेल्वेच्या पुलाखाली शिरताना आठवत नसतं.

एकटीच_फिरते

मुक्कामाचं. उजेडात पोचायचं, चारनंतर जागा शोधायला लागायचं. ढाबा निवडताना मी एकच बघते, तिथे कुटुंबं जेवताहेत का. जेवण तिथेच घ्यायचं, मालकाला किंवा मालकिणीला सांगून गाडी लावायची, तोंड रस्त्याकडे, किल्ली एका ठरलेल्या खिळ्याला. बाहेर चपला ठेवायच्या असतील तर दोन जोड मोठ्या पुरुषी ठेवते. लोक हसतात, मी झोपते. ११२ सगळ्यांना माहीत आहे, राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ही लिहून ठेवा. पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि संडास फुकट मिळायला हवा. कुलूप दिसलं तर किल्ली मागा, लाजू नका.

ट्रान्सपोर्टवाल्याची_लेक

ढाब्यापेक्षा पंप बरा. ट्रकवाले वाईट नसतात, पण रात्रभर गाड्या चालू-बंद होतात, झोप लागत नाही.

एकटीच_फिरते

पंपावर उजेड डोळ्यांत जातो. असो, ज्याची त्याची झोप.

जुळे_सोलापूर

शॉवर काढला. आरटीओत अर्ज केला, महिना गेला, पण आरसीवर चढलं. टायर २०१६चे निघाले, चारही बदलले, स्टेपनीही. जाऊबाईंनी विचारलं, "त्या डब्यात चौघी काय करलालाव गं?" म्हटलं, चाक बदलतोय. आणि खरंच बदललं, मागचं डावं. पाइपवर ताई उभ्या राहिल्या, नट करकरला तेव्हा गल्लीतली पोरं टाळ्या वाजवायला लागली. नवऱ्याने खुर्चीतून तीन सूचना दिल्या, तिन्ही चुकीच्या. उद्या पहाटे निघतोय.

ट्रान्सपोर्टवाल्याची_लेक

अक्का, चाक खोललंयस. १००च्या आत परत आवळायचंय. लक्षात आहे ना?

जुळे_सोलापूर

विजापूरच्या अलीकडे चहाला थांबलोय. आत्ता तपासले. दोन सैल होते.