हात कामानं बिघडतात की अंगातल्या उष्णतेनं?

मच्छेकर:
बेळगावचं उद्यमबाग, मच्छे, काकती, कुठल्याही मशीन शॉपमध्ये जा आणि लेथ-ग्राइंडिंगवरच्या पोरांचे हात बघा. बोटांच्या बेचक्यात भेगा, मनगटाला खाज, तेलानं भिजलेल्या पँटखाली मांडीवर पुळ्या. विचारलं तर उत्तर ठरलेलं: अंगात उष्णता आहे. मग मेडिकलमधून ट्यूब.

माझं म्हणणं असं की हा रोग मशीनखालच्या टाकीत आहे. कूलंट म्हणजे धातू कापताना थंड ठेवायला सोडलेलं, पाण्यात कालवलेलं तेल, बऱ्याच कामांना 5 टक्क्यांच्या आसपास. पाणी उडून जातं, तेल मागं राहतं आणि प्रमाण चढत जातं. हे प्रमाण मोजायचं साधन, रिफ्रॅक्टोमीटर, लावून कोण बघतंय? त्यात लोखंडाचा बारीक कीस, मशीनचं गळकं तेल, जंतू. सोमवारी मशीन चालू केल्यावर जो वास मारतो तो त्या जंतूंचाच, आणि तो घालवायला ओतलेलं औषधही कातडीला चावतं. वर शिफ्ट सुटली की हात थिनरनं धुवायचे! कातडीचं स्वतःचं तेल गेलं की दुसऱ्या दिवशी तेच कूलंट जास्त झोंबतं. आधी टाकी सुधारा, मलम मग. खर्च मालकाचा.

तिसरं गेट:
खर्च मालकाचा, हे लिहायला काय जातंय. जॉबचा रेट पैशापैशावर ठरतो, तो आम्ही ठरवत नाही. माझ्याकडे एकाच मशीनवर दोन शिफ्टला दोघं आहेत. एकाचे हात चांगले, दुसऱ्याचे फाटलेले. टाकीचा दोष असता तर दोघांनाही झालं असतं की. हातमोजे आणून दिले, तेही घालत नाहीत.

खानापुरी:
घालत नाहीत ते बरंच आहे. लेथच्या फिरत्या चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या भागात) किंवा ड्रिलमध्ये हातमोजा अडकला की बोट जातं. टाकी साफ करताना, पार्ट धुताना द्या.

आणि एकाला होतं, दुसऱ्याला नाही, यावरून कामाचा संबंध तुटत नाही. कामावरच्या त्वचारोगात दोन प्रकार मुख्य. एक, रसायनानं कातडी सोलून निघते. ते पुरेसं लागलं तर कुणालाही होतं. ज्याची कातडी आधीच कोरडी किंवा लहानपणी इसब झालेलं, त्याला लवकर. दुसरी अ‍ॅलर्जी. ती सगळ्यांना होत नाही, पण एकदा जडली की थोड्याशा स्पर्शानंही उठते. त्यासाठी पॅच टेस्ट असते: पाठीवर पट्ट्या लावून 48 तासांनी काढतात, बघतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात.

शहापूर मेडिकल:
मी काउंटरवर बसतो, माझं वेगळं मत आहे. निम्म्या वेळा ते साधं गजकर्ण असतं. जांघेत, कमरेला, कडा लाल. घरात एकच टॉवेल, ओली अंडरवेअर. त्याचं खापर कारखान्यावर कशाला?

मच्छेकर:
जांघेतलं तुमचं बरोबर. पण फाउंड्रीत भट्टीपुढे दिवसभर घामानं निथळणाऱ्याला गजकर्ण जास्त त्रास देणारच ना? शिवाय स्टेरॉइडची ट्यूब चिठ्ठीशिवाय दिली जाते. 2018 मध्ये ही मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, घातली तरी. त्यानं गजकर्ण दबतं, रूप बदलतं आणि पसरतं. हातांचं विचाराल तर साधी खूण आहे: गणपतीच्या सुट्टीत हातांच्या भेगा भरून येतात, कामावर गेलं की पुन्हा पडतात. उष्णतेला सुट्टी कळते होय?

गवंडी गल्ली:
जुनं दुखणं सुट्टीत बरं होत नाही हो. माझ्या काकांचं सिमेंटचं तसंच आहे. काम सोडूनही हात पूर्ण सुधारले नाहीत.

खानापुरी:
ते बहुतेक क्रोमियमचं असणार, पण पॅच टेस्टशिवाय सांगता यायचं नाही. ओलं सिमेंट मुळात जळजळीत अल्कली, त्यात विरघळणारं क्रोमियम असतं. युरोपात 2005 पासून त्यावर मर्यादा आहे, दहा लाखांत 2 भाग. फेरस सल्फेट मिसळलं की ते कमी होतं. आमच्या भागात काजू फोडणाऱ्या बायकांचं तर कुणी नावही घेत नाही. टरफलातल्या तेलानं बोटं काळी पडून सोलतात, त्या तेल-राख चोळून पुन्हा बसतात.

शहापूर मेडिकल:
मग डॉक्टरनं नोंद का करू नये? रसायनांच्या संपर्कानं होणारा त्वचादाह 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, म्हणजे सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत होता, 2020 च्या कामगार सुरक्षा-आरोग्य संहितेच्या परिशिष्टातही आहे.

सीएनसी ऑपरेटर:
नोंद करा म्हणणाऱ्यांनी आमच्या जागी उभं राहून बघा. मी कंत्राटावर आहे. नाव वर गेलं की मशीन सुधारत नाही, माणूस बदलतो. हात फाटलेला चालेल, हजेरी तुटलेली नाही. डॉक्टरला मीच सांगतो, घरचा साबण लागला म्हणून.

गवंडी गल्ली:
आणि कूलंटच्या डब्यावरची सूचना इंग्रजीत. मराठी नाही, कन्नडही नाही. (इथे सीमावाद सुरू करू नका, प्लीज.)

खानापुरी:
ऑपरेटरचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच एकट्याचं नाव पुढं करण्यापेक्षा सगळ्या शॉपचे हात वर्षातून एकदा तपासावेत. थिनर बंद, सौम्य साबण, धुतल्यावर साधं खोबरेल किंवा व्हॅसलिन. यात फार पैसे नाहीत.

तिसरं गेट:
साबण आणतो, रिफ्रॅक्टोमीटरही घेतो, ते परवडतंय. टाकीचं सांगा. उपसलेलं कूलंट ओतायचं कुठं? नाल्यात सोडता येत नाही, आणि माझ्याएवढ्या शॉपचे दोन-चार डबे न्यायला कुणी येत नाही. चार मालक मिळून एक गाडी बोलवायची का? कोण येतंय ते आधी बोला.