मदत हवी आहे: २ लाख ओळींची फाइल उघडताना विनफॉर्म्सची विंडो गोठते

नमस्कार मंडळी. सी शार्प भाषा, डॉट नेट ८, विनफॉर्म्स (विंडोजसाठी डेस्कटॉप ॲप बनवायची चौकट). बटण दाबलं की २ लाख ओळींची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी विभागलेला मजकूर) वाचून डेटाग्रिडव्ह्यूमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या तक्त्यात, दाखवायची आहे.

वाचन थेट क्लिक इव्हेंटमध्ये होतं तेव्हा विंडो पांढरी पडून ‘नॉट रिस्पाँडिंग’ यायचं. त्याचं कारण कळलं: यूआय थ्रेड (विंडो रंगवणारा आणि क्लिक हाताळणारा धागा) लूपमध्ये अडकला की विंडोजचे मेसेज तसेच पडून राहतात. म्हणून वाचन ‘टास्क रन’मध्ये, म्हणजे पार्श्वभूमीतल्या वेगळ्या थ्रेडवर, नेलं. तिथून लेबल बदलायला गेलं की ‘क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड’ ही एरर, कारण विंडोतल्या गोष्टी यूआय थ्रेडवरूनच बदलायच्या असतात. मग प्रगतीचे निरोप यूआय थ्रेडकडे पोचवणारा प्रोग्रेस ऑब्जेक्ट यूआय थ्रेडवरच तयार करून रिपोर्ट दिला. एरर गेली, पण अडखळणं परत आलं, कारण ओळीमागे एक रिपोर्ट म्हणजे रांगेत २ लाख निरोप! दर १,००० ओळींनी एकच दिल्यावर बार छान सरकतो.

आता घोडं अडलंय शेवटच्या पायरीवर. डेटाटेबल (वाचलेल्या ओळी ठेवलेला मेमरीतला तक्ता) ग्रिडला जोडताना सगळं काही सेकंद थांबतं. स्तंभांची रुंदी आपोआप ठरवणारं ऑटोसाइझकॉलम्समोड ‘ऑलसेल्स’ आहे, त्यामुळे रुंदीसाठी प्रत्येक ओळ मोजली जाते. ‘डिस्प्लेडसेल्स’ (फक्त दिसणाऱ्या ओळी मोजणारा पर्याय) पुरेल, की सरळ व्हर्च्युअलमोड (ग्रिड लागेल तेवढाच डेटा आपल्या कोडकडून मागतो) घ्यावा? त्यात हेडरवर क्लिक करून सॉर्टिंग आपोआप होत नाही, आणि ते तर हवंच आहे. असं सॉर्टिंग कोणी स्वतः लिहिलंय का?

शिवाय वाचन चालू असताना फॉर्म बंद केला तर? फॉर्मक्लोजिंगमध्ये (विंडो बंद होण्याआधीचा इव्हेंट) कॅन्सलेशन टोकनने टास्कला थांबायचा इशारा देऊन फॉर्म लगेच बंद होऊ द्यावा, की बंद होणं अडवून, टास्क संपल्यावर पुन्हा क्लोज बोलवावं? कोडचा छोटा नमुना दिलात तर फार मदत होईल.