अर्धं हेल्मेट की फुल फेस? दिवसभर बागांवर फिरणाऱ्यानं काय घ्यावं

द्राक्षवाट (तासगाव)

नमस्कार मंडळी. द्राक्षबागांची औषधं आणि खतं विकायच्या फिरतीच्या कामावर आहे. गाडी शाईन. रोजचा फेरा तासगाव, पलूस, भिलवडी, आणि आठवड्यातून एखादा दिवस आष्ट्यावरून पेठ नाक्यापर्यंत. आजवर पुढून उघडं, काच वर-खाली होणारं अर्धं हेल्मेट वापरलं. त्याचा पट्टा शिवणीतून सुटला, म्हणून आता नवीन घ्यायचंय.

घरातून फुल फेसचाच, म्हणजे हनुवटीसकट पूर्ण तोंड झाकणाऱ्याचाच, आग्रह आहे. माझ्या अडचणी सांगतो. एक, एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता कवठेमहांकाळच्या बाजूला फिरून बघा, डोक्यावर नुसती टोपी सहन होत नाही. दोन, मला चष्मा आहे. तीन, प्रत्येक बागेवर थांबून बोलावं लागतं. शेतकऱ्याला तोंड दिसलं की तो बांधावरून हात करतो, पूर्ण झाकलं की ओळखतच नाही. चौथी गोष्ट मित्राची: फुल फेसमध्ये मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही म्हणे, आणि अपघात झाला तर ते डोक्यातून काढताना मानेला जास्त इजा होते.

ज्यांनी दोन्ही वापरलीत त्यांनी सांगा. बजेट दोन-अडीच हजार.

विश्रामबाग_स्कूटर

मी सांगलीत गावातल्या गावात फिरते, विश्रामबाग ते मार्केट यार्ड, फार तर हरभट रोड. उघडं हेल्मेटच वापरते आणि त्यात समाधानी आहे. आजूबाजूला नजर फिरते, सिग्नलला गुदमरत नाही, भाजी घेताना भाजीवालीशी काढायच्या आधीच बोलता येतं. गर्दीत वेग तरी किती असतो? आयएसआयचं, कानापर्यंत येणारं, पट्टा घट्ट लावलेलं उघडं हेल्मेट आवडून रोज घातलं तर ते कपाटात ठेवलेल्या फुल फेसपेक्षा बरंच. तुमचा फेरा गावाबाहेरचा आहे, तिथलं मला सांगता येणार नाही.

जबडा_मिरज

दादा, तुम्ही ऊन आणि सोय विचारलीत. मी हनुवटीपासून सुरुवात करते, कारण माझं रोजचं काम तिथलं. मिरजेत मी जबड्याच्या आणि चेहऱ्याच्या हाडांच्या शस्त्रक्रिया करते. कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू झाले, की अंधारात उभ्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेले, रस्त्यावर सांडलेल्या उसावरून चाक घसरून पडलेले तरुण आमच्याकडं यायला लागतात. त्यांतल्या कितीतरी जणांच्या डोक्यावर हेल्मेट असतं, उघडं. डोकं वाचलेलं असतं आणि हे त्या हेल्मेटचं श्रेय आहे, ते मी कमी करत नाही. चेहरा मात्र रस्त्यानं घेतलेला असतो.

हनुवटीवर मार बसला म्हणजे हाड तिथंच मोडतं असं नाही. खालचा जबडा घोड्याच्या नालासारखा वळलेला असतो आणि त्याची दोन्ही टोकं कानांच्या अगदी पुढं, कवटीच्या खोबणीत बसलेली असतात. हनुवटीला बसलेला धक्का हाडातून थेट त्या टोकांपर्यंत जातो आणि तिथली बारीक मान मोडते. बाहेरून दिसते फक्त हनुवटीखालची खोक. कुठंतरी चार टाके घालून पेशंटला घरी पाठवलेलं असतं. आठवड्यानं तो माझ्यासमोर बसून सांगतो, "मॅडम, दाढा टेकतात, पण पुढचे दात मिटतच नाहीत. भाकरीचा तुकडा तुटत नाही." दोन्ही बाजूंची टोकं मोडली की तोंड असंच उघडं राहतं. कधी कानातून रक्त येतं आणि घरचे मेंदूला मार लागला म्हणून घाबरतात. खरं तर मोडलेल्या टोकानं कानाच्या नळीची पुढची भिंत फाटलेली असते. मेंदूची तपासणी तरीही करावीच लागते, ती टाळून चालत नाही.

मग टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू, किंवा वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून काही आठवडे तोंड बंद. त्या दिवसांत ताक, पेज, डाळीचं पाणी, मिक्सरमधून काढलेली खिचडी, सगळं गालाच्या फटीतून. उलटी झाली तर तारा ताबडतोब कापता याव्यात म्हणून कटर उशाशी ठेवायला सांगतो. माणूस झपाट्यानं वाळतो. शिवाय पुढं तोंड पूर्ण उघडावं म्हणून महिनोन्महिने व्यायाम. हे सगळं हनुवटीसमोरच्या ज्या कडक भागामुळं पुष्कळदा टळतं किंवा हलकं होतं, तो भाग उघड्या हेल्मेटला नसतोच.

हा फक्त माझ्या ओपीडीचा अनुभव नाही. जर्मनीत हॅनोव्हर परिसरातल्या अपघातांचा अभ्यास झाला, त्यात हेल्मेटवर मार कुठंकुठं बसला याची नोंद ठेवली होती. जवळपास एक तृतीयांश मार हनुवटीसमोरच्या त्या भागावर होते. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूनं लॉस एंजेलिसमध्ये 900 अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली, अहवाल 1981 चा. त्यांनीही चेहरा वाचवण्यात फुल फेस सरस ठरवलं. तुमच्या मित्राच्या हॉर्नचं उत्तरही त्याच अहवालात आहे: हेल्मेटमुळं महत्त्वाचा आवाज ऐकू आला नाही किंवा बाजूचं दिसलं नाही म्हणून अपघात वाढले, असं त्यांना आढळलं नाही. उघड्या हेल्मेटमध्ये पन्नास-साठच्या वेगाला कानात वारा एवढा घोंघावतो, की हॉर्न त्यातच बुडतो.

आता तुमच्या अडचणी. उष्णतेची तक्रार खरी आहे, ती कुणी खोटी म्हणू नये. हनुवटीवर आणि कपाळावर उघडझाप होणारी भोकं असलेलं, मागून हवा बाहेर सोडणारं हेल्मेट बघा. दुकानात आतलं कापड बाजूला करून बघा, भोक आतल्या थर्माकोलच्या थरातून आरपार गेलंय का. काही स्वस्त मालात वरची भोकं शोभेलाच असतात. आतलं अस्तर निघून धुता येणारं घ्या. डोक्याला पातळ सुती रुमाल बांधा, घाम तो पिईल आणि अस्तर कुजणार नाही. चष्म्याचं सोपं आहे: आधी हेल्मेट, मग चष्मा, आणि चष्म्याच्या काड्या सरळ असू द्या. दुकानात चष्मा लावूनच बघा, कानशिलाला टोचत असेल तर ते हेल्मेट तुमचं नाही.

माप हा सगळ्यात दुर्लक्षित विषय. टेप भुवयांच्या जरा वर ठेवून डोक्याच्या मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. आपल्याकडच्या हेल्मेटवर माप मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं, 560, 580, 600 असं. नवीन हेल्मेटमध्ये गाल थोडे दाबले गेलेच पाहिजेत, वापरून अस्तर बसतं. पट्टा लावून हेल्मेट हातानं डावी-उजवीकडं फिरवा, कपाळाची कातडी बरोबर ओढली गेली पाहिजे. मग मागच्या कडेला धरून पुढं उचला. निघून आलं तर अपघातातही निघणार. ढगळ फुल फेस घालून हिंडणारे बघितले की मला काळजी वाटते. त्यांना वाटतं आपण पूर्ण झाकलोय, आणि ते हेल्मेट त्यांच्याआधी रस्त्यावर पोहोचतं.

आयएसआय खरा की नुसता चिकटवलेला, हे बघायला शिक्क्याच्या वर आयएस 4151 आणि खाली सीएम/एल पुढचा परवाना क्रमांक असतो. तो सरकारच्या मानक संस्थेच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाका, कंपनीचं नाव जुळलं पाहिजे. 1 जून 2021 पासून आपल्याकडं दुचाकीचं हेल्मेट आयएसआयशिवाय विकायला बंदी आहे, तरी हायवेच्या कडेला ढीग लागलेले दिसतातच. नुसतं डीओटी लिहिलेल्या स्टिकरवर जाऊ नका. ते अमेरिकेचं मानक, त्यात कंपनी स्वतःच स्वतःला पास करते आणि हनुवटीसमोरच्या भागाची आघात चाचणीच नाही.

तुमच्या बजेटमध्ये आयएसआयचं चांगलं फुल फेस मिळतं. स्टड्स, स्टीलबर्ड, वेगा, कुठलंही बघा, डोक्याला बसेल ते घ्या.

घाटातला_सातारकर

डॉक्टरांनी जे सांगितलं त्याच्यापुढं मी काय बोलणार, फक्त काचेचं सांगतो. कारण फुल फेस सोडून देणारे बहुतेक काचेला कंटाळून सोडतात.

मी कुरिअरवाला, सातारा-मेढा, कधी यवतेश्वर घाटातून कासच्या बाजूला, कधी वाई-पाचगणी. जुलैत पसरणी घाटात धुकं आणि पाऊस एकत्र असतो. तेव्हा श्वासानं काच आतून पांढरी होते आणि पुढचा एसटीचा दिवाच तेवढा दिसतो. उपाय आहेत. काच एक खटका वर ठेवायची, नाकावरचा रबरी पडदा असेल तर तो काढायचा नाही, आणि परवडत असेल तर आतून पिनलॉक, म्हणजे दुसरी पातळ काच, बसणारी काच असलेलं हेल्मेट घ्यायचं. दोन काचांच्या मध्ये हवा अडकून राहते, आतली काच गार पडत नाही, म्हणून वाफ धरत नाही.

काळी काच घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणू दे. साताऱ्याहून पुण्याकडं जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो. भर उन्हातून काळ्या काचेनं आत शिरलं की पहिले काही क्षण पुढं काहीच नसतं, आणि तेवढ्यात पुढच्या ट्रकनं ब्रेक मारलेला असतो. पांढरी काच घ्या, उन्हाला आत उतरणारी छोटी गॉगल-काच असलेलं मॉडेल मिळालं तर उत्तम.

आणि संध्याकाळची चिलटं. नदीकाठच्या रस्त्याला दिवेलागणीला काच उघडी ठेवून जाऊन बघा, डोळ्यात गेलं की गाडी हातात राहत नाही. काच पुसताना कोरड्या फडक्यानं घासायची नाही. आधी ओलं फडकं ठेवून किडे भिजू द्यायचे, मग अलगद. नाहीतर महिन्यात ओरखडे, आणि रात्री समोरच्या दिव्याला प्रत्येक ओरखडा चमकतो.

द्राक्षवाट (तासगाव)

डॉक्टर, सातारकर, दोघांचे मनापासून आभार. भाकरीचा तुकडा तुटत नाही हे वाचून घरात सगळे गप्प झाले. तरी दोन गोष्टी राहिल्या. पुढचा भाग वर उघडणारं हेल्मेट मिळतं, ते माझ्या कामाला चालेल का? बागेवर थांबलो की वर करायचं, बोलायचं, निघताना खाली. आणि अपघातानंतर काढायचं कसं, ते सांगा. मागं बायको बसते, कधी आठ वर्षांचा मुलगा. त्यांचं काय?

जबडा_मिरज

तुमच्या कामाला उघडणारं, म्हणजे मॉड्युलर, चांगलं जमेल. अट एकच, गाडी चालू असताना पुढचा भाग खालीच आणि खटका लागलेला. वर करून चालवलं तर हनुवटी पुन्हा उघडी, आणि वजन वर गेल्यानं मानेला ताण. युरोपच्या ईसीई मानकाचं लेबल पट्ट्यावर शिवलेलं असेल तर अक्षरं बघा. पी (P) म्हणजे खालचा चेहरा वाचवण्याची चाचणी पास, जे (J) म्हणजे उघडं हेल्मेट, एनपी (NP) म्हणजे पुढचा भाग दिसायला आहे पण संरक्षण धरू नका. मॉड्युलर नेहमीच्या फुल फेसपेक्षा जड असतं आणि चांगलं हवं तर तुमच्या बजेटच्या जरा वर जावं लागेल. ते जमत नसेल तर साधं फुल फेस घ्या, बागेवर काढून हातात धरा. शेतकरी ओळखेल. आरशाला अडकवू नका, आतला थर दबतो. पेट्रोल, थिनर, तुमची फवारणीची औषधं यांच्याजवळ डिकीत कोंबू नका. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदला. आतला थर मार घेऊन एकदा चिरडला की पुन्हा फुगत नाही.

अपघातानंतरची भीती पुष्कळ जणांना असते. पहिलं म्हणजे 108 ला फोन. जखमी श्वास घेतोय, बोलतोय, तर हेल्मेटला हात लावू नका, काच तेवढी वर करा आणि मान हलू देऊ नका. श्वास अडतोय, तोंडात रक्त किंवा उलटी आहे, तर काढावंच लागतं. ते दोघांचं काम. एकानं खालून, एक हात जबड्याला आणि एक मानेच्या मागं लावून डोकं स्थिर धरायचं, पट्टा सोडायचा किंवा कापायचा. दुसऱ्यानं डोक्याच्या वरच्या टोकाला बसून हेल्मेटच्या दोन्ही कडा बाहेर फाकवत सरळ रेषेत ओढायचं, नाकाशी आल्यावर जरा मागं कलवून. एकट्यानं हिसका मारला तर इजा होते. गावातल्या चार पोरांना हे एकदा करून दाखवा, तुमच्या ओळखी आहेत.

मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतंच, मोटार वाहन कायद्याचं कलम 129 त्यालाही लागू आहे, आणि चार वर्षांवरच्या मुलालाही. मुलाला मोठ्यांचं सैल हेल्मेट घालू नका, मुलांच्या मापाचं मिळतं. वाढेल म्हणून मोठं घेतलं तर ते आजच निरुपयोगी आहे. त्याला हलकंच हवं, मुलांची मान नाजूक असते. पत्नींनाही फुल फेसच घ्या. बाजूला पाय टाकून बसणाऱ्या बायका तोंडावर किंवा डोक्याच्या मागच्या बाजूवर पडलेल्या मी पाहिल्यात, जमलं तर दोन्हीकडं पाय टाकून बसू दे. आणि त्यांचं माप घेताना अंबाडा सोडून, केस मानेवर सैल बांधून घ्या. अंबाड्यावर चढवलेलं हेल्मेट कपाळावरून वर उचललं जातं आणि पट्टा कितीही घट्ट केला तरी जागेवर राहत नाही.