मदत हवी आहे: 'शब्द दिसलाच नाही' हे आकड्यांत कसं दाखवायचं?

नमस्कार मंडळी,

एम.ए. मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी मास्क्ड प्रायमिंगचा (झाकलेला, न दिसलेला शब्दही पुढच्या उत्तरावर परिणाम करतो का, हे बघण्याचा) प्रयोग केलाय. शब्द 33 मिलिसेकंद (60 हर्ट्‌झच्या पडद्यावर 2 फ्रेम) दाखवायचा, लगेच त्यावर मास्क (तो झाकणारी चिन्हं), मग दुसऱ्या शब्दाला बटण दाबून उत्तर. शेवटी 'आधीचा शब्द कोणता?' अशा 40 फेऱ्या घेऊन प्रत्येकाचा डी-प्राइम (शब्द किती ओळखता आला याचं माप; शून्य म्हणजे निव्वळ अंदाज) काढला.

डी-प्राइम शून्याजवळ असलेलेच ठेवले, तर प्रायमिंग झकास दिसतं. पण मानसशास्त्रज्ञ डेव्हिड शँक्स यांचा 2017 चा लेख वाचला आणि झोप उडाली. 40 फेऱ्यांचा डी-प्राइम डळमळीतच. त्यावर माणसं निवडली की ज्यांना थोडंफार दिसत होतं तेही 'न दिसलेल्यां'त जमा होतात. मानसशास्त्रज्ञ ग्रीनवाल्ड यांच्या रिग्रेशन पद्धतीतही (डी-प्राइम आणि प्रायमिंग यांची रेषा बसवून डी-प्राइम शून्य असताना किती प्रायमिंग उरतं, म्हणजे इंटरसेप्ट, ते पाहायचं) हाच घोळ: मोजमापातल्या चुकीमुळे उतार चपटा होतो आणि इंटरसेप्ट फुगतो.

डी-प्राइम आणि प्रायमिंग या दोन्ही मापांतली चूक एकत्र धरणारं बेजियन श्रेणीबद्ध मॉडेल (प्रत्येक माणसाचा आणि सगळ्या गटाचा अंदाज एकत्र काढणारं) कुणी 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत बसवलंय का? प्रायर (माहिती बघण्याआधीचे अंदाज) कसे ठरवलेत? की आधी जाणिवेच्या चाचणीच्या फेऱ्याच वाढवून प्रयोग पुन्हा घेऊ? कुणालाही वगळू नये असं मला मनापासून वाटतं, पण मार्गदर्शकांना पटेल असं गणित हाताशी नाही. कोड दाखवलात तर फार उपकार होतील.