मदत हवी आहे: कराओके आणि डीजे दोन्हीसाठी मिक्सर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. हळदी, वाढदिवस, सोसायटीचा गणपती अशी कामं मी करतो. आधी लोक कराओकेवर गातात, मग डीजे. माझ्या मिक्सरला माइकचे इनपुट दोनच, आणि इको जरा वाढवला की स्पीकर शिट्टी मारतो. परवा एक आजी गात होत्या. आवाज इतका गोड, पण ट्रॅकखाली पार दबला. फार वाईट वाटलं हो.

यामाहा एमजी१०एक्सयू पाहिला. चार माइक, २४ इफेक्ट्स, यूएसबी, सगळं आहे. पण चॅनेलला फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या) नाहीत, गोल नॉबच. एमजी१२एक्सयूला फेडर आणि सहा माइक आहेत, पण आकार आणि किंमत वाढते. माझे माइक डायनॅमिक आहेत, त्यामुळे फँटम पॉवरची (मिक्सरने माइकला पुरवायच्या विजेची) गरज नाही. डीजे कंट्रोलर स्टिरिओ चॅनेलला लावणार.

नॉबवर कार्यक्रम चालवणाऱ्यांनी सांगा, घाईत अडचण होते का? आणखी एक: लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून घूंऽऽ आवाज येतो, काढला की बंद. यूएसबीने जोडून हे थांबेल की डीआय बॉक्सच (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये लावायचा, असा आवाज अडवणारा डबा) घ्यावा लागेल?